बटाटे मागितले, रताळी मिळाली

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला येऊन महिनाही झाला नव्हता. मंडईत मी मोठ्या विश्वासाने स्पॅनिशमध्ये ‘उन किलो दे बातातास’, म्हणजे माझ्या मते किलोभर बटाटे, मागितले. गर्दी होती, भाजीवालीने कागदी पिशवी भरून हातात दिली. घरी येऊन ओट्यावर उघडली तर आत किलोभर रताळी. रात्री बटाट्याच्या भाजीऐवजी रताळ्याचा कीस झाला.

बटाट्याला इथे ‘पाताता’ म्हणतात, ‘बाताता’ म्हणजे रताळं. मुळात हा कॅरिबियन बेटांवरचा रताळ्याचाच शब्द. पोर्तुगीजांनी तो बटाट्यालाही लावला आणि त्यांच्याकडून तो आपल्याकडे आला. स्पेनमध्ये त्यात दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला बटाट्याचा शब्द ‘पापा’ मिसळला आणि ‘पाताता’ तयार झाला. हे समजल्यावर तो शब्द मी पुन्हा कधी चुकले नाही.

तोवर संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात मिळालेल्या खाण्यापिण्याच्या शब्दांच्या याद्या मी रोज घोकत होते आणि सकाळी निम्मे शब्द विसरत होते. मग याद्या बाजूला ठेवल्या आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेच्या डब्यावर ‘आथूकार’. आपली शर्करा अरबांकडून स्पेनमध्ये गेली, तिचंच हे रूप. नारिंग अरबांमार्फतच इथे पोचून ‘नारांखा’ झालं. आल्याचा ‘खेंखिब्रे’ म्हणजे आपलं शृंगवेर, ग्रीक-लॅटिनमधून आलेलं. काजू आणि अननसाने मात्र दगा दिला. हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतलेले. इथे ते ‘आनाकार्दो’ आणि ‘पिन्या’. त्यांना घोकण्याशिवाय इलाज नव्हता.

एका बाबतीत मराठीने फार मदत केली. वर्गातले इंग्रजी बोलणारे ‘पिकांते’ आणि ‘कालियेंते’ यांत सतत गोंधळायचे, कारण त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द. आपल्याला तिखट वेगळं, गरम वेगळं. मला ते एकदाही समजावून सांगावं लागलं नाही. ‘पिमियेंतो’ आणि ‘पिमियेंता’ने मात्र आठवडाभर छळलं. पहिली ढोबळी मिरची, दुसरी मिरी, फरक फक्त शेवटच्या स्वराचा.

शाकाहारी माणसाने इथे आधी काय शिकावं, तर ‘सिन’, म्हणजे ‘शिवाय’. मी ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, असं सांगून निर्धास्त बसायचे. एकदा भाजीत डुकराच्या मांसाचे, म्हणजे ‘खामोन’चे, बारीक तुकडे निघाले, एकदा सॅलडवर ट्यूना मासा आला. वाढणाऱ्यांनी फसवलं नव्हतं. इथे ‘कार्ने’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर मांसाचा मोठा तुकडाच येतो. तेव्हापासून मी एका दमात सांगते: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून’. ‘पेस्कादो’ म्हणजे मासे, ‘आतून’ म्हणजे ट्यूना. चार शब्द जास्त लागतात, पण पोटभर जेवता येतं.

बोलण्याची भीती मात्र मंडईनेच घालवली. १९२८ साली उघडलेली इथली मध्यवर्ती मंडई म्हणजे उंच घुमट आणि रंगीत काचांतून येणारा उजेड. भाजीवाल्या ‘दिमे, रेइना’, म्हणजे ‘सांग राणी’, असं म्हणतात आणि धीर येतो. ‘मला द्या’ला तिथे ‘मे पोने’ म्हणतात, वर्गात शिकवलेलं लांबलचक वाक्य कुणीच वापरत नाही. एकदा पुढच्या बाईने ऑलिव्ह मागितले, ‘कुआर्तो इ मिताद’. पाव आणि अर्धा? काट्यावर आकडा आला ३७५ ग्रॅम. पाव किलो आणि त्या पावाचा अर्धा. म्हणजे आपला दीड पाव! पुण्याच्या मंडईत आजी ज्या मापाने लसूण घ्यायची, तेच माप. माझी पाळी आली तेव्हा मीही तसेच मागितले आणि विकणाऱ्या बाईने काही न विचारता तोलून दिले.

गेल्या महिन्यात हरभरे घेत होते. इथे ते शिजवलेलेही मिळतात, ‘गार्बांथोस’. विकणाऱ्या बाईने विचारलं, यांचं करतेस काय? मी सांगितलं: कांदा, टोमॅटो, ‘कोमीनो’ म्हणजे जिरं, ‘कूर्कुमा’ म्हणजे हळद, ‘खेंखिब्रे’. तिने कानावरची पेन्सिल काढून पिशवीच्या कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, ‘पिका?’ तिखट असतं का?

‘उन पोको,’ मी म्हटलं. थोडंसं.