मलाखी आणि मत्तय यांच्या मधले पान

आमच्या घरातल्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पाठ आजवर दोनदा चिकटवून झाली आहे आणि ते कोठूनही उघडायला गेले तरी नेमके एकाच जागी उघडते. अलीकडे जुन्या कराराची 39 पुस्तके, पलीकडे नव्या कराराची 27, आणि त्या दोहोंच्या सांध्यात एक पान, ज्याची एक बाजू छापखान्याने कोरी सोडली आहे. जुन्या काळी कित्येक मुद्रक याच जागी जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींसाठी नक्षीदार चौकटींची पाने घालत असत. आमच्या प्रतीत तशी सोय नव्हती, म्हणून आजीने पट्टी ठेवून स्वतःच रेघा आखल्या आणि घरातल्या माणसांची नावे तिथे लिहायला सुरुवात केली.

ती जागा तिने विचार करून निवडली होती की कोरी दिसली म्हणून वापरली, हे मी तिला कधी विचारले नाही. पण डावीकडे मलाखी या जुन्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचे शेवटचे वचन आहे, आणि त्यात वडिलांची मने मुलांकडे व मुलांची मने वडिलांकडे वळवली जातील असे अभिवचन आहे. उजवीकडे मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते, तेही सरळ एका वंशावळीने. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला, अशी ती चौदा चौदा पिढ्यांच्या तीन टप्प्यांची यादी लहानपणी मला शिक्षेसारखी वाटे आणि माझी वाचायची पाळी आली की मी दोन ओळी हमखास गाळत असे. पुढे कळले की खुद्द मत्तयानेही काही नावे गाळली आहेत; योराम आणि उज्जीया यांच्या मधले तीन राजे त्याच्या यादीत नाहीतच. राजे वगळणाऱ्या या माणसाने सासऱ्यापासून मुले झालेली तामार मात्र ठेवली, यरीहोची वेश्या राहाब ठेवली, सासूच्या मागोमाग परक्या देशात आलेली मवाबी विधवा रूथ ठेवली आणि दुसऱ्याची बायको आपलीशी करणाऱ्या दावीद राजाच्या पापाची आठवण बुजू नये म्हणून की काय, शलमोनाच्या आईचा उल्लेख तिच्या नावाने न करता उरीयाची बायको असा केला. घराण्याची यादी करायला बसलेला कोणताही शहाणासुरता माणूस जी नावे हलक्या हाताने बाजूला सारील, तीच येथे येशूच्या पूर्वजांत मानाने बसली आहेत.

आमच्या पानावरच्या तिसऱ्या ओळीत एका नावावर दोन जाड काट मारलेले होते. ते नाव माझ्या आत्याचे. तिने आजोबांच्या इच्छेविरुद्ध लग्न केले, त्या रात्री आजोबांनी हे पान उघडले आणि लेखणी हातात घेतली, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक होते. काटाखालचे नाव वाचायला आम्हाला बंदी नव्हती, कारण बंदी घालायची तर आधी ते नाव तोंडाने घ्यावे लागले असते.

संध्याकाळच्या प्रार्थनेत वचन आजोबा वाचत आणि आजी त्यांना चष्मा आणून देई. इतकी वर्षे कामाची वाटणी अशीच होती. मी दहा वर्षांचा असताना एके दिवशी तिने चष्मा दिला नाही, स्वतःच्या नाकावर चढवला, पुस्तक आपल्याकडे ओढले आणि एखादा अध्याय वाचावा तशी त्या पानावरची नावे वरून खाली वाचू लागली. पहिले नाव, दुसरे नाव, मग तिसरे. तिथे तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. ते नाव तिने इतरांसारखेच उच्चारले आणि पुढे गेली. अकरा दिवस जगलेल्या एका बाळाचे नाव होते, तेही वाचले. मग पुस्तक मिटून ती आजोबांना म्हणाली, “आता तुम्ही प्रार्थना करा.” त्या दिवशी आजोबांची प्रार्थना फार लहान झाली.

धैर्य म्हटले की आपल्याला सिंहांच्या गुहेतला दानीएल आठवतो. आजीचा ओढा मात्र तीमथ्याकडे होता, आणि तीमथ्य तर पोटाच्या तक्रारींनी गांजलेला, बहुधा बुजरा असा तरुण होता. प्रेषित पौलाने तुरुंगातून आपल्या या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढली आहे. लोईसचे नाव अख्ख्या शास्त्रात एवढ्या एकाच ठिकाणी येते, आणि ‘आजी’ हा शब्दही नव्या करारात तिच्याचसाठी एकदा येतो. लगेच पुढे सांगितले आहे की देवाने आपल्याला दिलेला आत्मा भित्रेपणाचा नसून सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमाचा आहे. आजीने या ओळीखाली रेघ ओढली होती. प्रीती मधोमध आहे, हे तिच्या लक्षात आले असणार. निदान त्या संध्याकाळी तिच्या आवाजात सामर्थ्य आणि संयम हे दोन्ही मला जसे ऐकू आले, ते दुसऱ्या कशामुळे आले असे मला वाटत नाही.

नेदरलँड्समधल्या हार्लेम येथील टेन बूम या घड्याळजी कुटुंबाविषयी वाचताना मला पुन्हा तीच संध्याकाळ आठवली. त्यांच्या घरी 1844 पासून यहूदी लोकांसाठी प्रार्थना होत असे आणि दररोज कुटुंबाने एकत्र बसून वचन वाचण्याचा नेम होता. बरोबर शंभर वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1944 रोजी, यहूदी लोकांना आसरा दिल्यावरून घरावर नाझींची धाड पडली; 84 वर्षांचे कास्पर दहा दिवसांत कैदेत वारले आणि त्यांची मुलगी बेट्सी त्याच वर्षी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली. खोट्या भिंतीमागे लपवलेली सहा माणसे मात्र धाड घालणाऱ्यांच्या हाती लागली नाहीत. लोक या घराच्या त्या एका दिवसाच्या शौर्याविषयी बोलतात. मला त्याआधीच्या शंभर वर्षांतल्या कंटाळवाण्या संध्याकाळी दिसतात, ज्यांत एखादे पोर नक्कीच माझ्यासारख्या दोन ओळी गाळत असेल.

आजीने काट खोडण्याचा प्रयत्न केला नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत तिने आत्याचे नाव पुन्हा लिहिले, पण पेन्सिलीने. आजोबांना हवे तर ते पुसता यावे, इतकी मोकळीक तिने त्यांना ठेवली होती. ते पुसले गेले नाही. दीड वर्षाने आत्या घरी आली तेव्हा आजोबा तिच्याशी फारसे बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी वाचायचे पुस्तक तिच्या हातात दिले. आमच्या आजोबांच्या मानाने ते बरेच झाले.

आजोबा आणि आजी यांच्या नावांपुढे मृत्यूची तारीख वडिलांनी लिहिली. आत्याची नोंद यंदा माझ्याकडे आली. पेन्सिलीची अक्षरे इतकी फिकट झाली होती की पान उजेडात तिरके धरावे लागे, म्हणून तारीख लिहिण्याआधी मी ती शाईने गिरवली. शास्त्राचा कागद किती पातळ असतो याचे भान मला राहिले नव्हते. पान उलटले तेव्हा शाई पलीकडे उतरलेली दिसली आणि ‘नवा करार’ या ठळक छापील अक्षरांच्या खाली आत्याचे नाव उलटे उमटले होते. मी टीपकागद ठेवला आणि पुस्तक थोडा वेळ उघडेच राहू दिले.