कवेलूच्या घराची पन्हाळ आणि तिच्याखालची चिकटपट्टी : माझा अनुभव

ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यातलं आमचं घर. पुढचा भाग जुना, मातीच्या दीड फुटी भिंती आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मागचं स्वयंपाकघर नंतर काढलेलं, पुढच्या घराला काटकोनात जोडलेलं, त्यावर टिन. दोन्ही छपरांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथे पत्र्याची पन्हाळ, आणि त्या पन्हाळीच्या अगदी खाली देवघराची भिंत. विटांची भिंत ओली झाली तर वाळते. मातीची भिंत वरून ओली होत गेली की फुगते, मग तिचे पोपडे सुटतात आणि एखाद्या श्रावणात ती बसते. म्हणून पन्हाळीतल्या गळतीकडे आम्हाला दुर्लक्ष करता येत नव्हतं.

दर उन्हाळ्यात कवेलू चाळून घ्यायचे, पन्हाळीच्या सांध्यांवर डांबर ओतायचं, वर ताडपत्री अंथरायची, हे वर्षानुवर्षं चालू होतं. साध्या पावसात घर गळायचं नाही. गळायचं ते दोनच वेळी. एक, तीन-चार दिवसांची झड लागली की. दुसरी वेळ गारपिटीची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भातला कोणताच शेतकरी विसरलेला नाही. शेतातलं सगळं गेलंच, पण घरात पाणी कसं आलं ते मी तेव्हा नीट पाहिलं होतं. पन्हाळीत गारांचा थर साचला होता, त्यात कडुनिंबाचा पाला आणि वानरांनी फोडलेल्या कवेलूचे तुकडे अडकले होते. मागून येणाऱ्या पाण्याला पुढे जायला जागाच नव्हती. ते चढत चढत पन्हाळीच्या काठावरून पलीकडे, टिनाखाली शिरत होतं.

माझा मामेभाऊ मिनेसोटात असतो. एका जानेवारीत त्याने त्याच्या छताचे फोटो पाठवले. वळचणीला बर्फाची जाड कड बसलेली आणि आतल्या खोलीच्या छताला ओल. तिथे काय होतं ते त्याने फोनवर समजावून सांगितलं. घरातली ऊब वर जाते, छताच्या वरच्या भागातला बर्फ खालून वितळतो. ते पाणी घरंगळत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिला घराची ऊब मिळत नाही, तिथे ते पुन्हा गोठतं. असा बांध तयार झाला की मागचं पाणी तुंबतं आणि उलटं वर सरकून छपराच्या तुकड्यांखाली जातं. छपराचे तुकडे वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी रचलेले असतात, तुंबलेल्या पाण्यासाठी नाही. म्हणून तिथे वळचणीच्या फळ्यांवर, छपराच्या खाली, स्वतः चिकटणारी रबरी डांबराची पट्टी लावतात. बर्फाच्या भागांसाठी तिथल्या बांधकाम नियमावलीत ही पट्टी वळचणीच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या किमान 24 इंच आतपर्यंत न्यायला सांगितलं आहे.

ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमची पन्हाळ होती. आमच्याकडे वितळून परत गोठायचा प्रश्न नाही, आणि गारा तासाभरात विरघळतात. पण पाणी अडतं, मागे चढतं आणि सांध्याखाली शिरतं, हे दोन्हीकडे सारखंच. फरक जागेचा. त्यांचं पाणी वळचणीला अडतं, आमचं पन्हाळीत. म्हणून वळचणभर पट्टी लावायचा विचार मी तिथेच सोडला आणि पन्हाळीपुरतंच बघायचं ठरवलं.

आमच्या गावच्या सुतारकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न मोलाचा होता. "ताई, थंडीच्या मुलखातली वस्तू हाय. आपल्या नवतप्यात वितळून खाली टपकली तं?" नवतपा म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस. निवडीचा सगळा भर नंतर याच प्रश्नावर राहिला. ब्रह्मपुरीचं तापमान उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर जातं, आणि उन्हात तापलेला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम असतो. सत्तरीपर्यंत तो सहज जातो. त्याला चिकटून खाली असलेल्या पट्टीला तेवढी उष्णता महिनोन्महिने सोसायची असते. भावाने तिकडची माहितीपत्रकं पाठवली, त्यात सरळ दोन जाती दिसल्या. साधी पट्टी साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंतची, आणि धातूच्या छपराखाली वापरायची उच्च तापमानाची पट्टी 115 अंशांच्याही वरची. साध्या पट्टीचं डांबर पत्र्याखाली मऊ होऊन उतारावरून सरकू शकतं. आमची पन्हाळ पत्र्याची, तीही दुपारभर उन्हात. म्हणजे दुसरी जात, यात तडजोड नाही.

नागपूरच्या बाजारात पहिल्या दुकानदाराने टॉर्चने तापवून लावायची मेम्ब्रेन, म्हणजे डांबराची जाड चादर, पुढे केली. गच्चीवर ती उत्तम. पण जुन्या सागवानी फळ्या, शेजारी वासे, बांबूच्या कमच्या आणि कोळ्यांची जाळी, अशा ठिकाणी गॅसची ज्योत लावायला मी कधीच तयार झाले नसते. लाकडी छपरावर चिकटपट्टीच हवी. दुसऱ्या दुकानात चिकटपट्टी होती, पण तिचं माहितीपत्रक मागितलं तर "सगळ्या सारख्याच असतात" असं उत्तर मिळालं. सारख्या नसतात. किती तापमानापर्यंत ती वाहत नाही, जाडी किती, वरचा थर कशाचा आणि उन्हात उघडी किती दिवस ठेवता येते, या चार गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बऱ्याच पट्ट्यांवर प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो उन्हात टिकत नाही, त्यामुळे वरचं छप्पर लवकर चढवावं लागतं. शेवटी जी घेतली ती दीड मिलिमीटर जाडीची, एक मीटर रुंद, वीस मीटर लांब गुंडाळी होती. तिच्या पत्रकात उच्च तापमानाचा आकडा स्पष्ट छापलेला होता.

खिळ्याचा प्रश्न बाबांनी काढला. पट्टीतून खिळा गेला की तिथूनच गळणार, हा आपला सगळ्यांचा अनुभव. या पट्ट्यांसाठी एएसटीएम डी 1970 नावाचं अमेरिकी मानक आहे आणि त्यातली एक चाचणी नेमकी याचसाठी आहे. पट्टी फळीवर लावून तिच्यातून खिळे ठोकतात, वर पाच इंच पाणी उभं करतात आणि साधारण चार अंश थंडीत तीन दिवस ठेवतात. खाली थेंब दिसला तर माल नापास. रबर मिसळलेलं डांबर खिळ्याच्या दांड्याला घट्ट बिलगतं म्हणून हे जमतं. पण खिळा उपटून काढला तर ते भोक बुजत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

संपूर्ण छपराखालीच लावून टाका, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटला नाही. ही पट्टी पाणी अडवते तशी वाफही अडवते. आमच्या स्वयंपाकघरात चूल आहे, धान उकडणं आहे. छपराच्या फटींतून ती वाफ आणि धूर बाहेर जातो. सगळं बंद केलं तर हिवाळ्यात तीच वाफ थंड पट्टीखाली जमून फळ्या कुजवेल. शिवाय कवेलू कमच्यांवर बसतात आणि पट्टीला खाली सलग फळी लागते. कमच्यांवर ती चिकटवता येत नाही. पन्हाळीच्या दोन्ही अंगांना फळ्या ठोकणं परवडतं, सगळ्या घराला नाही.

किती रुंद लावायची हे मात्र मी कागदावर मांडून ठरवलं. तुंबलेलं पाणी किती मागे सरकेल ते उतारावर अवलंबून असतं. तीस अंशांच्या उतारावर ते उंचीच्या दुप्पट मागे जातं, अकरा-बारा अंशांच्या उतारावर पाचपट. कवेलूची बाजू आमच्याकडे तीस अंशांच्या जवळपास, टिनाची बाजू बारा. पन्हाळीत 15 सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर कवेलूकडे 30 सेंटिमीटर आणि टिनाकडे 75 सेंटिमीटर सरकणार. एक मीटरची पट्टी मधोमध घातली की दोन्हीकडे पन्नास-पन्नास मिळतात. कवेलूकडे ते पुरेसं, टिनाकडे कमी. म्हणून टिनाच्या बाजूला दुसरी पट्टी आली. पाणी आत यायचं ते नेहमी टिनाकडूनच का, हेही त्या कागदावर कळलं.

काम धानाची मळणी आटोपल्यावर, जानेवारीत काढलं. त्या काळात माणसं मोकळी असतात आणि पाऊसही नसतो. मे महिन्यात ही पट्टी हाताळणं कठीण. ती ताणली जाते आणि टेकली तिथे घट्ट धरून बसते, मग हलत नाही. थंड देशात उलटी अडचण, साधारण पाच अंशांच्या खाली ती नीट चिकटत नाही. आमच्याकडे सकाळी दव पडतं, म्हणून फळ्या पूर्ण सुकेपर्यंत, दहा-साडेदहापर्यंत थांबावं लागे. जुन्या फळ्या घासून, फडक्याने पुसून त्यांवर प्रायमर, म्हणजे पट्टी नीट धरावी म्हणून आधी द्यायचा लेप, मारला आणि बोटाला लागेनासा झाल्यावरच पुढे गेलो.

पट्टीचा खालचा कागद दोन भागांत कापलेला असतो. सुतारकाकांनी आणि त्यांच्या मुलाने पट्टी पन्हाळीच्या लांबीने सरळ पसरली, एका बाजूचा कागद सोडवला, आणि काकांनी पहिल्यांदा तळहाताने पन्हाळीचा तळ दाबत नेला. मग तळापासून बाहेर, काठाकडे. हा क्रम चुकला तर पट्टी तळावर तारेसारखी ताणून राहते, खाली पोकळी उरते आणि पुढे तिथेच ती फाटते. मुलगा मागून लाकडी बेलनाने रगडत होता. दुसरी पट्टी पहिलीवर दहा सेंटिमीटर चढवली, वरची खालचीवर, पाणी वाहतं त्या दिशेने.

त्यावर नवी पन्हाळ बसवली, आणि या सगळ्यात मी सर्वांत महत्त्वाचं काम तेच मानते. जुनी आठ इंचांची होती. नवी पंधरा इंचांची, दोन्ही काठ वर दुमडलेले, खिळे फक्त काठाबाहेर. गारा आणि पाला अडकू नये म्हणून रुंद पन्हाळच हवी. तिच्यावरून पाणी गेलंच तर भिंत वाचवायला पट्टी. अरुंद पन्हाळीखाली कितीही महागाची पट्टी घातली तरी पाणी तुंबतच राहील.

मार्चमध्ये गारा पडल्या. पाऊस थांबल्यावर शिडी लावून पाहिलं तेव्हा पन्हाळीत वीतभर गारा होत्या, पण बाजूने पाणी वाहत होतं. देवघराच्या भिंतीचा माथा कोरडा. नंतर श्रावणातल्या झडीतही बाबा रोज सकाळी त्या भिंतीवर हात फिरवून पाहत. ओल लागली नाही. पोपडे सुटले होते तिथे दिवाळीआधी आईने पांढऱ्या मातीचा हात दिला.

पाला काढायचं काम मात्र आहेच. मृगाआधी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा पन्हाळ झाडून घेतो, अनवाणी आणि हलक्या झाडूने, काठाचा दुमड वाकू नये म्हणून. गुंडाळीतला उरलेला तुकडा सावलीत, उभा ठेवला आहे. गोठ्याचं टिन घराच्या भिंतीला जिथे टेकतं तिथेही ओल दिसते. या जानेवारीत तो तिथे लावायचा आहे. त्या भिंतीवर आधी सिमेंटचा गिलावा करावा लागेल, कारण मातीवर प्रायमर धरत नाही.