ढोल्याचा पाचवा महिना

आज ढोल्याचं, म्हणजे घोरपडीसारख्या माझ्या पाळीव सरड्याचं, वजन केलं. १,१८० ग्रॅम. फेब्रुवारीत आला तेव्हा १,४५० होता आणि चालताना पोट जमिनीला घासत होतं. आधीच्या घरी त्याला उंदराची पिल्लं, उकडलेली अंडी आणि चिकन मिळायचं. नाव ढोल्या पडलं ते उगीच नाही.

नवीन लोकांसाठी पुन्हा सांगतो, ही आपली घोरपड नव्हे. आपली घोरपड वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पाळणं तर सोडाच, पकडणंही गुन्हा. ढोल्या आफ्रिकेतला सव्हाना मॉनिटर. 'परिवेश' या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद लॅमिनेट करून कोठ्याच्या दारामागेच टांगलाय, कारण गावात येणारा प्रत्येक जण आधी "घोरपड धरली का बे?" हेच विचारतो.

बैल विकल्यावर रिकामा झालेला अर्धा कोठा त्याला दिला. आठ बाय चार फुटांचा विटांचा हौद, त्यात दोन फूट माती, वर जाळी आणि काचेची चौकट. या जनावराला बीळ लागतं. बिळात दमटपणा नसेल तर ते आतून सुकत जातं. मी शहाणपणा करून शेतातली काळी माती जशीच्या तशी भरली. पाणी मारलं की फुगायची, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा. मार्चमध्ये बीळ ढासळलं आणि ढोल्या शेपटीपर्यंत गाडला गेला. नशीब, स्वतःच उकरून बाहेर आला. आता दोन टोपली काळी, एक टोपली नदीची रेती, एक टोपली चाळलेला मुरूम. मुठीत दाबली तर गोळा राहतो, बोटाने टोचला तर फुटतो. तेवढा ओलावा बास.

शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ५५ अंशांच्या आसपास ठेवतो. कोरोनातली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, तिचं माप तापापुरतंच. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेडवाली घ्या. बाहेरच्या लोकांचे सल्ले सगळे ऊब कशी द्यायची याचे. आपल्याकडे मे महिन्यात हौदाचा थंड कोपराच ३८ दाखवत होता. दुपारी हॅलोजन बंद, कूलर सुरू, आणि ढोल्या दिवसभर बिळात. बिळात तापमापकाची वायर सोडून मोजलं, खाली ३० होतं.

खाण्याचं मात्र दुखणं झालं. याला किडेच हवेत, कॅल्शियमची पूड लावून. धुऱ्यावर नाकतोड्यांची कमी नाही, पण बाजूला कपाशी. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसं गेली. तिथले किडे मी कसे टाकू? म्हणून रातकिडे घरीच वाढवतो, प्लास्टिकच्या टबात अंड्यांचे कागदी ट्रे उभे करून. मे महिन्यात त्यांची किरकिर ऐकून माय विचारे, "पानी येते का रे आज?"

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकांनी कौतुकाने सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दिली. मी धुतली आणि दोन काड्या टबात टाकल्या. सकाळी ट्रे उचलला तर सगळे उताणे, पाय आखडलेले. पाचशेच्या वर असतील. काकांना काय बोलणार! त्यांनी तर तीच जुडी स्वतःच्या वरणातही घातली होती. सांभार मरू द्या, मला त्या वरणाचीच काळजी लागली.

दुसऱ्या टबातली पिल्लं अजून मुंगीएवढी आहेत. त्यांना फक्त गव्हाचा कोंडा आणि अंगणातल्या वेलाचं कोहळं. ती मोठी होईपर्यंत ढोल्याचं जेवण निम्म्यावर आलंय. त्याच्या चरबीकडे पाहता दोन आठवडे सहज निघतील, पण मी कोठ्यात शिरलो की तो काचेला नखं घासत उभा राहतो. अंडं द्यायचा मोह होतो. आज दिलं नाही.

लोडशेडिंगमध्ये थंडीच्या रात्री हौद कसा गरम ठेवता, हे कोणी केलं असेल तर सांगा. बॅटरीवर हीटर दोन तासही टिकत नाही.