सहावं बोट येतं कुठून?

एआयने काढलेल्या चित्रांत हाताला कधीकधी सहा बोटं दिसतात. कारण चित्र बनवणारं एआय मॉडेल बोटं मोजत नाही. एका बोटाशेजारी बहुधा दुसरं बोट असतं, एवढंच ते लाखो फोटोंतून शिकलेलं असतं. मग पाचव्यानंतर थांबायचं का, हे त्याला कोण सांगणार? त्यात फोटोंमध्ये हात क्वचितच पूर्ण दिसतो: मूठ वळलेली, कप धरलेला, अर्धी बोटं खिशात. फोटोखालच्या वर्णनातही ‘हसणारी बाई’ असतं, ‘तीन बोटं दिसतायत’ असं कुणी लिहीत नाही.

दुसरं कारण आकाराचं. स्टेबल डिफ्यूजन १.५ या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलमध्ये ५१२ × ५१२ पिक्सेलचं चित्र आतमध्ये ६४ × ६४ चौकटींत घडतं. एक चौकट म्हणजे ८ × ८ पिक्सेल. उभ्या माणसाच्या हाताचा पंजा ४० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम ५ चौकटी रुंदी येते. तेवढ्यात पाच बोटं आणि मधल्या फटी? चेहराही लहान आकारात बिघडतोच, पण त्याची ठेवण ठरलेली असते. हाताला २७ हाडं, आणि मुद्रा अगणित.

दुरुस्तीसाठी इनपेंटिंग वापरा, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच मॉडेलकडून पुन्हा काढून घ्या. मास्क (निवडलेला भाग) मनगटासकट घ्या, फक्त तेवढाच भाग मोठ्या रिझोल्यूशनवर पुन्हा काढा. डीनॉइझिंग (जुनं चित्र किती बदलायचं, ते ० ते १ मध्ये) ०.४ च्या आसपास ठेवलं तर नखं-सांधे सुधारतात, पण जादा बोट तसंच राहतं. ते घालवायला ०.६ – ०.७ लागतं. त्याहून वर गेलात तर हात मनगटाशी जुळत नाही. तरीही जमेना, तर जादा बोट आधी ब्रशने त्वचेच्या किंवा मागच्या रंगात पुसा, मग इनपेंट करा. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये (चित्रात काय नको, ते सांगणाऱ्या सूचनेत) ‘वाईट हात’ लिहून मात्र फारसं काही हाती लागत नाही.