हापसालूत 'वीस' म्हणजे पाच

राजधानी टॅलिनहून बस सुटली की सुमारे १०० किलोमीटरवर हापसालू येतं. एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे छोटं गाव एका भूशिरावर वसलंय, भोवती उथळ, शांत खाडी. मी गेले तेव्हा जून संपत आला होता. रात्री साडेदहालाही बाहेर बसून विणता येईल इतका उजेड असायचा, आणि मला त्याचीच गरज होती.

मी गेले ती तिथल्या शालीसाठी. एस्टोनियन भाषेत शालीला 'साल्ल' म्हणतात. मूळचा फारसी शब्द जर्मनमार्गे तिकडे पोहोचला आणि आपल्याकडेही आला. पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ओळखीचा वाटला.

दोन वर्षं मी घरी एकटीने हापसालू पद्धतीची शाल विणायची खटपट करत होते. तीनदा टाके घातले, तीनदा उसवले. दर वेळी अडायचं ते नुपावर. नुप म्हणजे जाळीवर उठून दिसणारा दाणा. एकाच टाक्यातून सुलट, धागा पुढे, सुलट, धागा पुढे, सुलट असे पाच, सात किंवा नऊ वेढे काढायचे आणि परतीच्या सुईला ते सगळे मिळून एक उलट टाका विणायचा. सांगायला दोन वाक्यं लागतात. पण धागा इतका बारीक, की १०० ग्रॅममध्ये सुमारे १४०० मीटर भरतो. वेढे जरा आवळले गेले तर परतताना त्यांच्यात सुईचं टोकच शिरत नाही. जबरदस्ती केली की धागा तुटतो.

गावात कार्या नावाच्या रस्त्यावर पिट्सिकेस्कुस, म्हणजे लेस केंद्र आहे. भिंतींवर पांढऱ्या शाली, आणि बायका गोलात बसून विणत असतात. मी माझी अर्धवट शाल पिशवीत घेऊन आत गेले. कोणी 'काय हवंय' विचारलं नाही. एकीने खुर्ची सरकवली, दुसरीने माझ्या हातातून शाल घेऊन उजेडाकडे धरली. मग ती शाल हळूहळू गोलातून फिरली. प्रत्येकीने ती बघितली, पण नापसंतीने मान कोणीच हलवली नाही. त्या क्षणी मला किती हलकं वाटलं हे शब्दांत सांगणं अवघड आहे.

शेजारच्या आजींना इंग्रजी मोडकंतोडकं येत होतं. त्यांनी माझा हात धरून वेढे मोजायला सुरुवात केली. उक्स, काक्स, कोल्म, नेली, वीस. मी दचकले. एका टाक्यातून वीस वेढे? त्यांनी पाच बोटं दाखवली, तेव्हा कळलं की त्यांच्या भाषेत पाचाला 'वीस' म्हणतात. मी त्यांना आपला वीस दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवला, आणि सगळा गोल हसला. त्यानंतर माझा प्रत्येक पाचवा वेढा पडला की कोणीतरी मोठ्याने 'वीस' म्हणायचं.

माझी चूक मात्र वेढ्यांच्या संख्येत नव्हती. मी प्रत्येक वेढा सुईला घट्ट बिलगू देत होते. आजींनी वेढा बोटाने वर ओढून लांब सोडला, दिसायला जवळजवळ बेशिस्त. परतीच्या सुईला मात्र टोक अलगद आत गेलं. दोन वर्षं एकटीने व्हिडिओ बघून जे जमलं नाही ते शेजारी बसून दहा मिनिटांत आलं, कारण धाग्याचा ताण डोळ्यांना दिसत नाही, तो दुसऱ्याच्या बोटांतून आपल्या बोटांना कळावा लागतो.

या गावाला शाली मिळवून दिल्या त्या चिखलाने. १८२५ साली डॉक्टर कार्ल आब्राहाम हुनियुस यांनी समुद्रातल्या चिखलाने उपचार करणारं केंद्र काढलं आणि सेंट पीटर्सबर्गहून श्रीमंत मंडळी इथे उन्हाळा काढायला येऊ लागली. संगीतकार चायकोव्हस्की १८६७ च्या उन्हाळ्यात इथेच होते. किनाऱ्यावर त्यांच्या नावाचा दगडी बाक आहे. पाहुण्यांच्या वाटेवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर गावातल्या बायका शाली विणत आणि विकत बसायच्या. नुपाचा दाणा यंत्राला काढता येत नाही, त्यामुळे हातच्या कामाची तीच खूण ठरली. शाल अंगठीतून ओढून दाखवायची चालही तेव्हाचीच. आता आगगाडी येत नाही, १९९५ मध्येच प्रवासी गाड्या थांबल्या. जुन्या स्टेशनवर २१६ मीटर लांबीचा छप्पर असलेला प्लॅटफॉर्म तेवढा उभा आहे. एका संध्याकाळी त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. इथे उतरणाऱ्या पाहुण्यांपेक्षा मला त्यांची वाट बघत विणणाऱ्या बायकाच जास्त आठवत होत्या.

नमुन्यांना नावं आहेत. सगळ्यांत लाडका 'मायकेल्लुके', मे महिन्यातली छोटी घंटा, म्हणजे घंटेच्या आकाराचं एक पांढरं रानफूल. एक 'युवराज', १९३२ मध्ये स्वीडनचे युवराज गुस्ताव आडोल्फ गावात आले त्या भेटीवरून. एक सिनेतारका ग्रेटा गार्बोच्याही नावाचा आहे.

तिसऱ्या दिवशी मला खरं काम दिसलं. गोलातल्या एका बाईंचं मनगट मोडलं होतं. नातीच्या लग्नाची शाल त्यांनी सुरू केली होती, मधला भाग पूर्ण होता, काठ राहिला होता. हापसालूच्या शालीचा काठ वेगळा विणतात. दुहेरी धाग्याने शेकडो टाके घालायचे, टोकाटोकांची लेस विणायची, असे दोन भाग तयार करायचे आणि मग ते मधल्या भागाभोवती सुईने सैलसर शिवायचे. दोन भाग दोघी विणणार होत्या, आणि तिथेच अडचण होती. एकीचा हात आवळ, दुसरीचा सैल. एक भाग ताठ, दुसरा लोंबता झाला असता.

त्यांनी आधी बोटभर नमुना विणला, एकमेकींचे नमुने अदलाबदल करून दोन्ही हातांनी ताणून पाहिले. मग सैल हाताच्या बाईंनी एक नंबर बारीक सुया घेतल्या. यावर ना चर्चा, ना रुसवा. मी बराच वेळ त्याच गोष्टीचा विचार करत होते. आपल्याकडे (म्हणजे माझ्यातच, दुसऱ्या कोणाविषयी कशाला बोलू) दुसरीचा हात वेगळा आहे एवढं कळलं की मी मागे सरले असते. इथे सुईचा नंबर बदलला आणि काम पुढे गेलं.

काठ शिवून झाल्यावर शाल कोमट पाण्यात साबणाने धुतली, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली आणि खिळ्यांच्या लाकडी चौकटीवर ताणली. ओली शाल आकसलेल्या चिंधीसारखी दिसत होती. एकेक टोक खिळ्यात अडकवत चौघी चार बाजूंनी निघाल्या. एका बाजूने ओढलं की समोरचीने सैल सोडायचं, नाहीतर धागा तुटणार. मला एक कोपरा दिला. मोडक्या मनगटाच्या बाई खुर्चीत बसून नुसत्या डोळ्यांनी सांगत होत्या, तिकडे थोडं, इकडे पुरे. तासाभराने मायकेल्लुकेच्या ओळी सरळ उभ्या राहिल्या आणि दोन हातांचा फरक बघणाऱ्याला कळेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी शाल सुकून उतरली. त्या बाईंनी ती मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि चांगल्या हाताचं बोट काठावरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. एका जागी थांबून एकीचं नाव घेतलं. पुढे सरकल्या, दुसरीचं घेतलं. दोन्ही बरोबर होती. मग बोट माझ्या कोपऱ्यावर आलं. तिथे एक टोक शेजारच्यापेक्षा किंचित लांब ताणलं गेलं होतं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वीस."