कोळसा आहे, तरी बंद

रविवार, रात्री उशिरा

जर्मनीतल्या हामबाखच्या खाणीतून कोळसा काढणं २०२९ मध्ये थांबणार, हे इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. ऑफिसातले बरेचजण याच पट्ट्यातले, कोलोन आणि आखेनच्या मधले. कुणाचा बाप खाणीत, कुणाचा मामा वीजकेंद्रात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे वडील बॅगर, म्हणजे खाणीतलं अवाढव्य खोदयंत्र, चालवायचे. निवृत्त होताना त्यांनी घरी आणलेला लिग्नाइटचा, म्हणजे इथल्या तपकिरी कोळशाचा, तुकडा त्याने परवा मला देऊन टाकला. घरात कुणालाच नको म्हणे, चुरा पडतो.

तुकडा हलका आहे, तपकिरी. एका बाजूला लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि नखाने खरवडलं की धागा सुटतो. काही कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतलं झाड आहे ते. आमच्या चंद्रपूरच्या कोळशापुढे हा अगदीच कच्चा. जमिनीतून निघतो तेव्हा निम्मं वजन पाण्याचंच, त्यामुळे लांब वाहून नेणं परवडत नाही. म्हणून वीजकेंद्रंही खाणीच्या उशालाच.

आज ऊन पडलं होतं, म्हणून एल्सडॉर्फला गेलो. तिथे खाणीच्या काठावर चक्क आरामखुर्च्या मांडल्या आहेत. लोक कॉफी पीत खड्डा बघतात. खड्डा तरी कसा म्हणायचा, पलीकडचा काठ धुरकट दिसतो आणि काही ठिकाणी खोली चारशे मीटरच्या आसपास. खाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेल्या मातीचे पट्टे: पिवळी वाळू, राखाडी माती आणि तळाशी काळपट थर. मधोमध बॅगर. चाकाचा व्यास २१ मीटरहून जास्त, त्यावर १८ बादल्या. लांबून ते चाक इतकं सावकाश फिरतं की काम चालू आहे की बंद, तेच कळत नाही. असं एक यंत्र दिवसाला दोन लाख घनमीटरहून जास्त माती काढू शकतं.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते चंद्रपूरला ओपन कास्टमध्ये, म्हणजे उघड्या कोळसाखाणीत, शॉव्हेल चालवायचे, आता घरी असतात. आधी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एकदम कामाचे प्रश्न.

"ब्लास्टिंग किती वाजता रायते?"

"होतच नाही बाबा. सगळं मऊ आहे, चाकानेच खरवडतात."

"भोंगा नाही?"

"नाही."

त्यांना हे पटायला वेळ लागला. आमच्याकडे दुपारी ब्लास्टिंगचा भोंगा वाजला की आई आधी मांडणीवरची काचेची भांडी बघायची. तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला तर म्हणाले, "हे तं लाकूडच हाय."

मग मी सांगितलं की ही बंद होणार आहे.

"काऊन गा? कोळसा सरला का?"

"नाही, कोळसा आहे. तसाच सोडणार."

इथे ते अडकले. खाण कोळसा सरल्यावर बंद होते, नाहीतर पाणी भरलं म्हणून, नाहीतर परवडत नाही म्हणून. खाली थर दिसतोय, यंत्र उभं आहे, माणसं आहेत आणि तरी बंद, हे त्यांच्या हिशेबात बसेना. मी हवामानाचं सांगितलं. २०२० चा कायदा सांगितला, देशभर उशिरात उशिरा २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करण्याचा. मग २०२२ मध्ये या पट्ट्यापुरतं ते २०३० वर कसं आणलं, तेही. ते "हाव, हाव" म्हणत राहिले. खरा रस त्यांना कामगारांत. ५८ च्या पुढच्यांना पेन्शन लागेपर्यंत पाच वर्षांपर्यंत सरकार भत्ता देतं, हे ऐकून मात्र म्हणाले, "हे बरं केलं."

मला स्वतःला खाण बंद होण्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते गावांचं. मोर्शेनिश नावाचं गाव खाणीच्या वाटेवर होतं. लोकांनी घरं विकली, थोड्या अंतरावर नवं मोर्शेनिश वसवलं. आणि मग ठरलं की या गावाखालचा कोळसा लागणारच नाही. गाव वाचलं, पण बहुतेक माणसं तोवर निघून गेली होती. मानहाइमची तऱ्हा आणखी वेगळी. रेसिंगवाल्या शूमाखर कुटुंबाशी जोडलेला कार्टिंग ट्रॅक याच गावाजवळचा. तिथला कोळसा आता नको, पण खाणीचे उतार पक्के करायला माती हवी, म्हणून जमीन तरीही खोदायची. हामबाखच्या जंगलाचा उरलेला तुकडा मात्र टिकला. २०१८ च्या ऑक्टोबरात म्युन्स्टरच्या कोर्टाने तोड थांबवली आणि मग ती पुन्हा सुरू झालीच नाही.

बंद करणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे, हे मला इथे आल्यावर कळलं. १९७८ मध्ये खोदायला सुरुवात झाली आणि पहिला कोळसा निघाला १९८४ मध्ये. मधली सगळी वर्षं नुसती माती उपसली. त्या मातीचा डोंगर म्हणजे सोफिएनह्योहे, आसपासच्या सपाटीपेक्षा सुमारे दोनशे मीटर उंच. आता तिथे दाट झाडी आणि पायवाटा आहेत. आमच्याकडच्या ओबीच्या, म्हणजे कोळशावरून उपसलेल्या मातीच्या, ढिगांवर बाभळी उगवतात, त्याही आपल्या आपण.

आणि पाणी. खाण कोरडी राहावी म्हणून भोवतीच्या विहिरींतून वर्षानुवर्षं भूजल उपसलं जातंय. त्याने जमीन खचते. माझ्या घरमालकीणबाईंच्या जिन्यात तिरपी भेग आहे. दर दोन-चार वर्षांनी ती बुजवतात, ती पुन्हा उघडते. भरपाईचा अर्ज त्यांनी केला होता, उत्तर आलं की घर जुनं आहे. पंप एकदम थांबवता येत नाहीत, नाहीतर उतारच ढासळतील. म्हणून खड्ड्यात तळं करायचं ठरलंय. त्यासाठी डोर्मागेनजवळून ऱ्हाईन नदीचं पाणी ४५ किलोमीटरच्या पाइपलाइनने आणणार. २०३० पासून भरायला सुरुवात, आणि भरायला साधारण चाळीस वर्षं. भरल्यावर ते जर्मनीच्या दक्षिण टोकाच्या मोठ्या बोडन सरोवरापेक्षाही खोल असेल.

बाबांना हे सांगितलं तर हसले. "आपल्याइकडे दोन पावसाळ्यात भरते. आपोआप." त्यात पोरं बुडतात, हे दोघांनाही माहीत होतं. तो विषय काढला नाही.

आता झोपायच्या आधी फोन बघितला तर त्यांचा मेसेज. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. "त्या मशीनचं काय करतील? दुसऱ्या खाणीत नेता येते का?" मी कळवलं की २००१ मध्ये असंच एक १३,५०० टनांचं बॅगर हामबाखहून गार्झवायलरच्या खाणीत चालवत नेलं होतं. २२ किलोमीटर, तीन आठवडे. वाटेत हायवे ओलांडला, एर्फ्ट नदी ओलांडली. पण आता गार्झवायलरही २०३० मध्ये बंद होणार, मग नेणार कुठे.

लगेच उत्तर आलं: "म्हंजे भंगार. तिकडं टनाचा भाव काय हाय?"