कॉनेलचा राग आणि भुट्ट्याचा कीस

आज दुपारी सॅली रूनीची ‘नॉर्मल पीपल’ (2018) ही कादंबरी संपवली. कॉनेलचा असा राग आला! मेरिॲनवर जीव, पण शाळेत तिला ओळखही दाखवायची नाही, आणि शाळेच्या शेवटच्या डान्सला विचारतो दुसऱ्याच मुलीला. भित्रा मेला. तरी पानं उलटत राहिले, कारण त्याला स्वतःची वाटणारी लाज खरी वाटते. आपल्याकडचे जुने नायक चुकायचे ते गैरसमजापुरते.

रात्री आमचे हे इंदूरच्या सराफ्यातून, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून आले. सकाळच्या भांडणाबद्दल चकार शब्द नाही. हातात भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा कीस, पार गार झालेला, पण माझ्यासाठी वरून भुरभुरायचा जिरावन मसाला वेगळा पुडीत बांधून आणलेला. नुसतं ‘चुकलं’ म्हणायला काय जातं या माणसाचं?

कीस मी एकटीने संपवला. विचारलंसुद्धा नाही.